कोणतीही दोन

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की
दवाखान्यातली सगळी मुलं माझ्या टेबलावर येतात.
पावत्यांमधून. स्टेपल केलेली, घडी घातलेली,
एखादीवर आमटीचा डाग.
मी त्यांची वजाबाकी करते.

नियम तसा एका ओळीचा आहे:
स्वतःची, कोणतीही दोन मुलं, पूर्णवेळ शिक्षण,
फक्त ट्यूशन फी.
बस नाही, डोनेशन नाही, विकास निधी नाही,
गॅदरिंगचा ड्रेस तर नाहीच नाही.
दरवर्षी कुणीतरी क्लासची पावती लावतंच,
आणि मी म्हणते, क्लास म्हणजे शाळा नव्हे,
आणि समोरचा म्हणतो, मॅडम, शिकतात तर तिथंच.

लॅबचे भरमा मगदूम म्हणाले, मी नवी पद्धत घेतली.
बरं केलंत, मी म्हटलं,
नव्या पद्धतीत मूल आहे का, कुणी विचारत नाही.
ते हसले, आणि मग मधेच थांबले.
मीही नवीच घेतलीय.
तेवढाच एक तक्ता कमी.

दस्तगीर मुजावर, वॉर्ड नंबर चार, मुली तीन.
थोरली अकरावीला, एकोणीस हजार, ती ठरलेलीच.
धाकट्या दोघी जुळ्या.
एकच वर्ग, साडेबारा-साडेबारा, एकाच दिवशी भरलेले,
पावती बावीसशे सतरा आणि बावीसशे अठरा.
‘कोणतीही’ हा शब्द ज्यानं लिहिला
त्याला जुळ्या नसाव्यात.
मी जुनी फाईल काढली: गेल्या साली आयमन,
त्याआधी अलीना, त्याआधी पुन्हा आयमन.
“पाळी लावलीय,” दस्तगीर म्हणाला.
“जिचं नाव कागदावर नाही, तिला त्या दिवशी
भडंगाचा अख्खा पुडा.
वाटायचा नाही. कुणालाच नाही.”
आणि आता म्हणे दोघी भांडतात,
माझं नाव घालू नका, माझं नको, तिचं घाला.

एस्तेर सिस्टर शेवटी आल्या, नाईटला जायच्या आधी.
आठवी ब, सव्वीस हजार चारशे.
नात्याच्या रकान्यात: मावशी.
म्हटलं, सिस्टर, स्वतःचं मूल लागतं.
“स्वतःचं म्हणजे कसं?”
भांडायला नव्हतं विचारलं त्यांनी.
रकान्यात काय लिहू, तसं विचारलं.
दत्तकपत्र असेल तर, मी म्हटलं.
“बाप जिवंत आहे त्याचा. कागदावर.
सुरतेला की कुठं.”
बरोबर जुन्या पावत्यांची फाईल, दुसरीपासून.
पालकाची सही: ए. वायदंडे, ए. वायदंडे,
दुसरीतली गोल, जपून केलेली,
आठवीतली नुसती ओढलेली.

परिपत्रक मी पुन्हा वाचलं, त्यांच्यासमोर,
जणू मधे कुठं एखादी ओळ
माझ्याच नजरेतून सुटली असावी.
खिडकीतून सतारमेकरांची गच्ची दिसते.
भोपळे वाळत होते, पाठ करून बसलेले.
आमच्याकडे शून्याला भोपळा म्हणतात.
त्यांच्याकडे भोपळा आधी वाळू देतात,
घाई करत नाहीत,
तारेचं मग बघू.

मान्य रक्कम: मी भोपळा लिहिला.
फुली लाल पेनानं मारायची असते.
मी पेन्सिलीनं मारली.
असू दे, सिस्टर म्हणाल्या,
पावती तेवढी परत द्या.
तोच लावतो फायलीत, नंबरानं,
एक जरी कमी झाली तरी विचारतो.

दिवे घालवायच्या वेळी दस्तगीर परत आला,
चप्पल न काढता, दारातूनच.
“मॅडम, यंदा थोरलीचं काढून
दोघींचं घातलं तर किती जाईल?”
मी आकडे मोडले. तेराशे बावन्न रुपये.
तो तिथंच उभा राहिला,
ओठांनी परत एकदा हिशेब करत.
“ती म्हणाली काल, जेवताना,
मला एकदा पण पुडा मिळाला नाही.”

मी खोडरबर शोधू लागले.